लवूचा उभा फोटो

"माझो घोव गद्दार नाय, विनीताबाय!" मासळीची पाटी विनीताच्या ओट्यावर टाकून हिरा रडायलाच लागली.

गोष्ट अशी होती. कुणकेश्वरला सकाळची रापण ओढताना तिच्या नवऱ्याने, लवूने, भरल्या जाळ्याची दोरी कोयत्याने कापली. मासळी गेली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं, अख्ख्या वाडीचा घाम. वाडीने ठरवलं, लवूने यापुढे दोरीला हात लावायचा नाही. पुरावा एकच, स्टुडिओवाल्या देवेशने काढलेला फोटो.

खासगी तपास करणाऱ्या विनीताने फोटो उघडला. "बघा गद्दार" असं लिहून वाडीच्या ग्रुपवर तो तिच्या मदतनीस जितेंद्रनेच टाकला होता. कुठून बुद्धी झाली कोण जाणे!

फोटो उभा होता. मधोमध लवू, दोरीवर कोयता, मान डावीकडे खाली वळलेली. डाव्या कडेला, समुद्राच्या बाजूला, ओल्या वाळूवर लालसर झाक.

"सकाळचां ऊन," जितेंद्र म्हणाला.

विनीता उठली. दोघं लवूकडे गेली.

"दोरी कित्याक कापलंस?" विनीताने विचारलं.

"एक चेडू अडकलां होतां. लाल साडयेतली पोरगी. पायाक फास बसलो. बाकीचे पाठ फिरवून ओढी होते, तेंका दिसलां नाय. माझ्या वळखीचां नाय तां. सोडवलंय तसां पळालां."

"दोरीच्या आत गावचां कोण पाय घालणा नाय!" जितेंद्र उसळला. लवू खोटा ठरला तर आपण सुटलो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचीच चीड आली.

देवेशच्या स्टुडिओत भिंतभर समुद्राचे आणि समुद्रापुढे लग्नाआधी उभ्या केलेल्या जोडप्यांचे फोटो होते, एकूण एक आडवे.

"उभो एक पण नाय?" विनीताने विचारलं.

"समुद्र आडवो, तर फोटोय आडवो," देवेश ऐटीत म्हणाला. "उभे काढतत ते मोबाइलवाले."

"आणि तां चेडू?"

"फोटोत दिसता काय? नाय ना? मगे!"

"मगे लवूचो फोटो तेवढो उभो कसो?"

लेन्स पुसणारा देवेशचा हात थांबला.

"जितेंद्र, आपल्याकडे सूर्य खंयसून उगावता?"

"डोंगराकडसून... अरे देवा!"

"मगे दर्याच्या कडेक सकाळी लाली खंयची? ती लाल साडयेची. मुद्दाम कापणारो माणूस आजूबाजूक बघता; लवू खाली बघता, कोणाच्या तरी पायाकडे. फोटो आडवोच होतो, देवेश. डावी बाजू तू मागसून कापलंस. गावचां कोण दोरीच्या आत जाणा नाय, हां जितेंद्र म्हणता तां खरां. म्हणजे चेडू भायलां. आणि भायलां चेडू साडी नेसान थंय उभां रवतलां तां कोणाच्या सांगण्यावरून? लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्याच्या!"

देवेशने लेन्स खाली ठेवली. "कळलां असतां तर वाडयेन माका किनाऱ्यार पाय ठेवक दिलो नसतो... म्हणान गप रवलंय."

त्याने संगणकावर मूळ फोटो उघडला. डावीकडे लाल साडीतली मुलगी फेसात कोसळलेली, घोट्याला दोरी, तोंड भीतीने उघडं.

"आत्ता ग्रुपवर टाकतंय!" जितेंद्र म्हणाला.

"टाक. पण आधी लवूच्या दारात जावया. तिघांनीय."

लवू अंगणात बसला होता. जितेंद्रने हात जोडले. "लवूदादा, गद्दार मीच लिवलंय. माका माफ कर."

लवूने मोबाइल हातात घेऊन तो आडवा फोटो बराच वेळ पाहिला. मग देवेशला विचारलं,

"त्या चेडवाचो पाय बरो झालो मा रे?"

देवेशने त्या मुलीला साधा फोनही केला नव्हता.