सगळे दिवे हिरवे

त्या दिवशी तिची चप्पल तुटली नसती ना, तर यातलं काही म्हणजे काही झालं नसतं!

ऐका तर. नव्या नोकरीचा पहिला दिवस. पाऊस असा तिरपा की छत्री उघडली काय नि मिटली काय, सारखंच. ती ऑफिसच्या काचेच्या दारापर्यंत पोचली आणि शेवटच्या पायरीवर तटकन चपलेचा अंगठा तुटला. आत जायचं कार्ड अजून मिळालेलं नाही. म्हणजे बघा, ओलीचिंब, एका हातात चप्पल, दुसऱ्यानं लॅपटॉप पोटाशी धरलेला, आणि दार बंद! काचेपलीकडून एक उंच मुलगा खांद्यावर वायरींचं भेंडोळं टाकून चालला होता. थबकला. दार उघडलं.

"तुम्ही ठीक आहात?"

"हो, ठीक आहे की!" ती म्हणाली. एका पायावर उभी राहून.

त्यानं हसू कसंबसं दाबलं. मग खिशातून वायरी बांधायची काळी पट्टी काढली, खाली बसला आणि चपलेचा अंगठा करकचून बांधून दिला.

"टिकेल हे?"

"निम्मं ऑफिस याच्यावरच उभं आहे," तो म्हणाला... आणि गेला पण.

त्याला सगळे ढगोबा म्हणायचे, कारण क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या कॉम्प्युटरांचं, सगळं त्याच्याकडे. कुणीही ॲप लिहिलं की ते क्लाउडवर चढवायचं आणि तिथं जगवायचं, हे त्याचं काम. तिचं काम ॲप लिहायचं. लहान मुलांच्या दवाखान्यासाठी. घरबसल्या नंबर लावायचा, पाळी आली की फोन वाजणार. तापानं फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन ताटकळायला नको. त्यात दवाखान्याच्या खिडकीवर बसायला कोण, तर तिची सख्खी आत्या! म्हणजे काही बिघडलं तर ऑफिसात नाक कापलं जाणार आणि घरीही खैर नाही. शिवाय टीमच्या प्रमुख लीडताईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं, "हे नीट चाललं तर तू पक्की. नाही तर... बघू."

त्या 'बघू'नं तिची झोप उडाली होती.

"घाबरतेस काय?" ढगोबा तिच्या टेबलाला टेकून म्हणायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं. "क्लाउडवर तुझं ॲप एकटं नसतं. त्याच्या खूप प्रती असतात, जुळ्या बहिणींसारख्या. क्लाउड प्रत्येकीला सारखं विचारत राहतो, 'ठीक आहेस?' जी 'नाही' म्हणेल तिला बाजूला करून नवी उभी करतो."

"बाई गं! किती निर्दयी!"

"निर्दयी? इतकी विचारपूस करणारं कुणी आहे का तुला?"

असं म्हणून त्यानं पाहिलं तिच्याकडे... आणि तिनं घाईघाईनं स्क्रीनकडे. स्क्रीनवर काहीही नव्हतं.

तेव्हापासून त्यानं नेमच धरला. येता-जाता, डोकं वाकवून, अगदी क्लाउडच्या आवाजात, "ठीक आहेस?" आणि तिचं ठरलेलं, "ठीक आहे!" नखं कुरतडून संपलेली असोत, डबा न उघडता परत चाललेला असो, उत्तर एकच. त्यानं तिचं नावच ठेवलं, मॅडम ठीकठाक.

मग एका दुपारी तो आला तो न हसता. "मला दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात बोलावतायत. तुझं ॲप सुरू झालं की उत्तर द्यायचंय." टेबलाला टेकलाही नाही. "जाऊ?"

'नको' हा शब्द तिच्या जिभेवर आला. खरंच सांगते, अगदी टोकावर! आणि ही बया काय म्हणाली असेल?

"जा की! छानच आहे... ठीक आहे."

"ठीक?"

"एकदम ठीक."

तो मान हलवून निघून गेला. त्यानंतर त्यानं विचारणंच सोडलं.

त्याच दुपारी तिला नेमका तो भाग लिहायचा होता, क्लाउडच्या प्रश्नाला ॲपनं काय उत्तर द्यायचं तो. खरं तर ॲपनं आधी नंबर जिथं साठवलेले असतात त्या डेटाबेसचं दार वाजवायचं, नंबर मिळतायत का बघायचं आणि मगच बोलायचं. पण डोकं ठिकाणावर कुठे होतं? तिनं लिहून टाकलं, काहीही झालं तरी म्हण, 'ठीक आहे.' नंतर नीट करू...

ते 'नंतर' राहूनच गेलं.

ॲप सुरू व्हायचा दिवस उजाडला. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर दिव्यांची रांग, एका प्रतीला एक दिवा. सगळे हिरवेगार. लीडताई खूश. ढगोबा पार कोपऱ्यात, तिच्याकडे न बघता काम करणारा. आणि तिचा फोन वाजला. आत्या!

"अगं ए, तुझं ॲप सगळ्यांना नुसतं 'थांबा' म्हणतंय! इथं पोरं रडतायत, आया माझ्यावर ओरडतायत, काय करू मी?"

"आत्या, पण इथं तर सगळं हिरवं आहे..."

"मग त्या हिरव्याला म्हणावं, खिडकीवर येऊन बस!"

लीडताई म्हणाल्या, "दिवे हिरवे आहेत ना? मग दवाखान्याचंच नेट गेलं असेल." दोघं-तिघं हो-हो म्हणाले. आणि तिला ते राहून गेलेलं 'नंतर' आठवलं. गप्प बसली असती तरी चाललं असतं, निदान त्या दिवसापुरतं. नोकरी गेली, तिला वाटलं, गेलीच. पण कानात अजून त्या पोरांचं रडणं होतं.

"नेट नाही गेलेलं," ती म्हणाली. "दिवे खोटं बोलतायत. मीच तसं लिहिलंय."

ढगोबा वळला. पहिल्यांदाच, इतक्या दिवसांनी.

"डेटाबेसनं डुलकी काढली असणार," तो म्हणाला. "तो उठला, पण ॲपच्या या सगळ्या प्रती तुटलेलीच तार धरून बसल्यात. मी हातानं उठवतो एकेकीला. तू त्यांना खरं बोलायला शिकव. जमेल?"

ती 'हो' म्हणणार होती, पण म्हणाली, "माहीत नाही. शेजारी बसशील?"

तो खुर्ची ओढून बसला. ती लिहीत होती, तो वाचत होता, लीडताई मागे येरझाऱ्या घालत होत्या. लिहून झालं, त्यानं चढवलं. मग सगळे श्वास रोखून स्क्रीनकडे बघत बसले.

थोड्या वेळानं डेटाबेसनं पुन्हा डुलकी काढली. एक दिवा लाल झाला. मग दुसरा. लीडताई किंचाळल्याच! पण लाल झालेल्या प्रती विझल्या, त्यांच्या जागी नव्या उभ्या राहिल्या, हिरव्या... खऱ्या हिरव्या. आत्याला फोन लावला तर ती म्हणते, "काही बिघडलं होतं का परत? इथं तर पटापट नंबर लागतायत."

लीडताईंनी चष्मा पुसला. "चूक मोठी होती. पण तोंड उघडलंस, म्हणून राहा." आणि गेल्या.

ती जिन्यात जाऊन बसली. खिडकीबाहेर रिमझिम. मागून पावलं आली, शेजारच्या पायरीवर थांबली.

"ठीक आहेस?"

"ठी—"

तिनं ओठ मिटले. डोळेही.

"नाही. भूक लागलीय. आणि तू... तू जाणार म्हणालास ना, तेव्हापासून मी अजिबात ठीक नाहीये. जाऊ नकोस. म्हणजे... जायचं असेल तर जा, पण मला ते ठीक नाहीये."

त्याचं लक्ष खाली गेलं, तिच्या चपलेवर. काळी पट्टी अजून तशीच.

"नवी घेतली नाहीस?"

"टिकली की."

मग तिच्या एकदम लक्षात आलं. इतक्या वेळा यानं विचारलं, पण याला एकदाही कुणी विचारलं नव्हतं. ती त्याच्याकडे वळली, डोकं वाकवलं, अगदी त्याच्यासारखं.

"आणि तू? ठीक आहेस?"

ढगोबाचे कान आधीच सांगून मोकळे झाले होते.

"लाल," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."