लेकरू बाहेर थांबवा

मी वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या वीज कार्यालयात मीटर तपासतो. आकडा एकतर दिसतो, नाहीतर दिसत नाही. मधलं काही नसतं. पल्लवीला आणि मला मूल होत नव्हतं, तेव्हाही मी असाच विचार केला. कोणी उपास सुचवले, कोणी अंगारे. आम्ही वाशिमला डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

आधी माझी तपासणी झाली, मग तिची. तिच्या गर्भनळ्या बंद निघाल्या. गोळ्या झाल्या, पोटावर घ्यायची इंजेक्शनं झाली आणि शेवटी शरीराबाहेर तयार केलेला गर्भ पिशवीत सोडला. त्यानंतर पल्लवी घराची पायरीसुद्धा जपून उतरायची. रक्ताचा रिपोर्ट आला. गर्भ धरला नव्हता.

तिनं जुन्या सुती पातळाची दुपटी शिवून ठेवली होती. त्या दिवशी ती बाहेर काढली, उन्हात घातली आणि घडी करून पुन्हा कपाटात ठेवली.

पुढच्या खेपेला तपासणीच्या खोलीत शिरताना साक्षी नर्सनं दार अडवलं.

"सर, लेकरू बाहेर थांबवा. मॅडम ओरडतात."

मी मागे पाहिलं. बाकावर जोडपी बसली होती, एकमेकांकडे न बघता. लेकरू कोणाचंच नव्हतं.

"आमचं नाही," मी म्हणालो.

साक्षी गोंधळली. माझ्या गुडघ्यापाशी बघत बाजूला झाली.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं आमची दोन तिकिटं काढली. "पोरगी पाचाच्या आतली दिसते. तिचं लागत नाही," तो म्हणाला. "मांडीवर घ्या फक्त. गर्दी लई हाय."

मी तोंड उघडणार तेवढ्यात पल्लवीनं माझा हात दाबला. ती खिडकीकडे सरकली. आमच्या दोघांमध्ये थोडी जागा झाली. माणसं दांड्याला लोंबकळत होती, पण त्या जागेवर कोणीच बसायला आलं नाही.

"तुले हे खरं वाटून राह्यलं का?" घरी आल्यावर मी विचारलं.

"लोकाइले दिसते," ती म्हणाली. "आपल्यालेच काहून दिसत नाही, तेवढं सांगा."



दुसऱ्यांदा गर्भ सोडायची तारीख ठरली, त्या दुपारी आम्ही दवाखान्यासमोरच्या बांगड्यांच्या दुकानात थांबलो. दुकान हुस्नाबानो चाचींचं. त्यांनी पल्लवीच्या हातात बांगड्या भरल्या आणि फळीखाली डोकावून हसल्या.

"पोरीलेबी भरू का? कवाची हात पुढं करून राह्यली."

"भरा," पल्लवी म्हणाली.

चाचींनी सगळ्यात लहान मापाच्या बांगड्या उचलल्या आणि खाली वाकल्या. मला त्यांचे कोपर तेवढे हलताना दिसत होते. त्या सरळ झाल्या तेव्हा हात रिकामे होते. मी खाली पाहिलं. फरशीवर बांगड्या नव्हत्या.

"हात लई गार हाय हो पोरीचा. बिमार होती का?"

"हो," पल्लवी म्हणाली.

"रडून राह्यली पाहा आता. उचला न तिले, बेटी."

पल्लवी गुडघ्यावर बसली. तिनं हात पसरले.

"तिकडं कुठं? इकडं."

ती वळली.

"अवो, समोर तर उभी हाय!"

मीही वाकलो. हवेत हात फिरवला. माझ्या तळव्याला काही लागलं नाही.

चाचींचं हसू मावळलं. त्या आमच्याकडे बघत राहिल्या.

"तुमाले दिसत नाही?"

पल्लवीचे हात तसेच पसरलेले होते.

मग रस्त्याकडे नजर वळवून त्या हळूच म्हणाल्या, "गेली."

दुसऱ्या वेळीही गर्भ धरला नाही. आम्ही अजून वाशिमला जातो. पल्लवी एसटीत अजून जागा सोडून बसते आणि कोणीतरी लगेच येऊन तिथं बसतं.

त्या दुपारी चाची "गेली" म्हणाल्या, तेव्हाच समोरच्या दवाखान्यातून एक जोडपं बाहेर पडलं होतं. आम्ही त्यांना ओळखत नव्हतो. नवरा पुढं गेला होता, बाई झपाझप मागून चालली होती. मध्येच ती थबकली. पर्स तिनं दुसऱ्या खांद्यावर घेतली, मोकळा हात खाली सोडला आणि खाली न बघताच लहान लहान पावलं टाकू लागली.