टेलरचं मशीन तिसऱ्यांदा आलं

"डिस्क आत घेतं, कुरकुरतं आणि बाहेर ढकलतं. लहान मूल औषध थुंकतं ना... तसं."

हे वाक्य मी टेबलाखालून ऐकलं. एक स्क्रू घरंगळला होता आणि मी तो शोधत होते, त्यामुळे त्याच्याआधी मला त्याचे बूट भेटले. बुटांवर दोऱ्याचे तुकडे होते, निळे आणि पांढरे. घाईने वर आले तर डोकं टेबलाला आपटलं. तो हसला नाही. हसू दाबलं, आणि ते जास्त वाईट.

"मालक कुठे आहेत?" त्याने गेम कन्सोल टेबलावर ठेवत विचारलं.

"मालक म्हणजे माझा मामा, तो बघा पेपर वाचतोय. पण त्याला पंखे आणि इस्त्रीच्या पलीकडचं काही कळत नाही. हे काम माझं."

मामाने पेपरच्या वरून एकदा पाहिलं आणि पुन्हा बातमीत शिरला. खिडकीजवळचं हे टेबल मिळवायला मी त्याच्याशी दोन वर्षं भांडले होते. दिलं तेही अट घालून. दुकानाचा जुना नियम होता: एकच मशीन तीनदा दुरुस्तीला आलं की कारागिराने टेबल सोडायचं. माझ्या आधीचे दोघे असेच गेले. मी गेले तर काउंटरवर बसायचं, गिऱ्हाइकांना पावत्या द्यायच्या आणि गोड हसायचं. यातलं तिसरं मला बिलकूल जमत नाही.

"तुम्ही डावखुऱ्या आहात," तो म्हणाला.

"मग? मशीनला कळत नाही ते."

"एप्रनला कळतं. खिसा उजवीकडे आहे. स्क्रूड्रायव्हर काढताना दरवेळी हात पोटावरून आडवा जातो."

"तुम्ही मशीन दाखवायला आलात की माझं माप घ्यायला?"

"टेलर आहे मी. जित्याची खोड..." त्याने खांदे उडवले.

घरी खेळतं कोण, असं विचारलं तर म्हणाला, "आई. शेवटचा एक ड्रॅगन उरलाय. तो मरत नाही म्हणून महिनाभर आमच्याकडे जेवायला उशीर होतोय."

"आणि तुम्ही?"

"मी आईकडून हरतो."

मी मशीन उघडलं. डिस्क आत ओढणारे दोन रबरी रोलर चिकट झाले होते आणि त्यांच्यावर कापडाची लव बसली होती. शेजारच्या चाकांचं जुनं ग्रीस उन्हाळ्यात पातळ होऊन पसरतं, तसलंच काहीतरी असणार, असं मी ठरवून टाकलं. रोलर पुसले, डिस्क वाचणारं भिंग पुसलं. डिस्क सुळकन आत गेली. मशीनला चिठ्ठी बांधली: दुरुस्त.

आठ दिवसांनी तो पुन्हा दारात उभा. बाहेर रिमझिम चालू होती. मशीन कोटाच्या अस्तरात गुंडाळलेलं, अगदी कोरडं. तो स्वतः मात्र चिंब.

"छत्री नाही?" मी विचारलं.

"आहे ना. पण दोन हातांनी मशीन धरल्यावर छत्रीला तिसरा हात कुठून आणू?"

या वेळी मी दोन्ही रोलर बदलले. तो बॅटरी धरून उभा राहिला. उजेड नेमका पडावा म्हणून वाकला, मीही वाकले... आणि त्याच्या ओल्या केसांतलं पाणी माझ्या मनगटावर पडलं.

"बॅटरी स्थिर धरा," मी म्हणाले.

"स्थिरच आहे. हात तुमचा हलतोय."

खरं होतं ते. म्हणून मला राग आला.

तो गेल्यावर मामाने पेपरची घडी घातली. "मशीनला काही झालेलं नाही. झालंय ते त्या पोराला."

"मशीनला झालंय, मामा. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग बरं का होत नाही?"

हा प्रश्न मला रोज टोचत राहिला. मशीनची वाट बघायची नसते हे मला कळत होतं. तरी मी दाराकडे बघायचे. मशीन येऊ नये आणि माणूस यावा, असं काहीतरी विचित्र मागणं मनात चालू होतं.

दहाव्या दिवशी दोघंही आले. सोबत एक कागदी पुडकंही होतं. त्यात एप्रन होता, गडद निळा, खिसा डावीकडे.

"तीन," मामा म्हणाला.

मी एप्रन बाजूला सारला आणि मशीन उघडलं. नवे रोलर दहा दिवसांत ओलसर, चकचकीत. बोट लावून वास घेतला. ग्रीस नव्हतं. पातळ तेल होतं, शिवणयंत्राचं. हाच वास बॅटरी धरणाऱ्या त्या बोटांना येत होता.

"यात कुणीतरी तेल घातलंय," मी म्हणाले.

तो बुटांकडे बघू लागला. मामा खुशीत हसला. "सांगितलं नव्हतं? आणि तुला पहिल्याच खेपेला वास ओळखता आला नाही. उद्यापासून काउंटर."

मी मशीन काखोटीला मारलं. "चला," त्याला म्हणाले. "तुमचं दुकान दाखवा."

दोन गल्ल्या आम्ही भराभर चाललो. दुकान त्याच्या घराच्याच पुढच्या खोलीत होतं. तिथे त्याची आई होती, चष्मा नाकाच्या टोकावर आणि गळ्यात टेप. जेवून नुकतीच कामावर बसत होती. तिने तेलाची छोटी नळी उचलली, एक थेंब स्वतःच्या शिवणयंत्राला दिला, एक मुलाच्या यंत्राला. मग माझ्या हातातून कन्सोल घेतला, फळीवर उभा केला आणि त्याच्या फटीत मायेने एक थेंब सोडला.

"काकू, हे काय केलंत?"

"रोजचंच. कामाला बसायच्या आधी यंत्राला तेल द्यायचं. हे तर नवं होतं तेव्हापासून घर्र करतंय बिचारं. माझं मशीन बघ, तीस वर्षांत कुरकुरलेलं नाही."

मी तिथेच स्टुलावर बसले. डिस्क फिरताना आवाज येतोच, आणि रोलर कोरडे असले तरच डिस्क पकडतात. तेल लागलं की डिस्क निसटणारच. मी समजावून सांगितलं तेव्हा काकूंनी नळी पदराआड लपवली. "म्हणजे ड्रॅगनला मीच वाचवत होते?"

मला हसू आलं असतं, पण मी त्याच्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दोनदा नाही. या रविवारी आईला तेल घालताना पाहिलं... आणि गप्प बसलो."

"का?"

"मशीन बरं झालं असतं तर कोणत्या तोंडाने आलो असतो?"

"याच. वाईट नाहीये ते." आणि मग माझा आवाज चढला. "तुमच्या गप्प बसण्यापायी माझं टेबल गेलं. मशीन तीनदा आलं की उठायचं, असा नियम आहे आमच्याकडे."

त्याचा चेहरा उतरला. "मी मामांना सांगतो. सगळी चूक माझी."

"माझी वकिली नको. तुमची चूक तुम्ही सांगा, माझी मी सांगेन."

मशीन घेऊन आम्ही परत आलो तेव्हा मामा माझ्या टेबलाजवळ उभा होता. माझी हत्यारं डब्यात भरायला त्याने सुरुवातही केली होती. मी डबा काढून घेतला.

"पहिल्यांदा मी तेलाला ग्रीस समजले. चूक माझी, मान्य. पण मशीन परत का येतं ते आज मी शोधून आले. माझ्या आधीच्या दोघांपैकी कुणी गिऱ्हाइकाच्या घरी गेलं होतं? तू त्यांना उठवलंस, मशीनं तशीच राहिली. मी टेबल सोडणार नाही, मामा. उठवायचं तर टेबलासकट उठव."

"आणि मी तेल पाहूनही बोललो नाही," टेलर मागून म्हणाला. "मला इथे यायचं होतं."

"ऐकलंस?" मामा म्हणाला. "म्हणजे माझंच खरं."

"दोन्ही खरं. मशीन खरंच बिघडलं होतं, आणि हा माणूस मला खरंच आवडतो. ही गोष्ट वेगळी, ती गोष्ट वेगळी. तू दोन्ही एकात घालू नकोस."

मी नंतर लाजले असेन, तेव्हा नाही. मामाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग टेलरकडे, मग उगाचच पेपर उलटा धरला. "पुढच्या वेळी वास आधी घे," एवढंच पुटपुटला आणि खुर्चीत जाऊन बसला.

मी निळा एप्रन चढवला. रोलर पुसले, डिस्क घातली. सुळकन आत. पेन्सिल काढायला हात आडवा गेला नाही, सरळ खिशात गेला. चिठ्ठीवर लिहिलं: तेल घालू नये. मशीन परत आणू नये. टेलरने यावे, रिकाम्या हाताने.

त्याने ती दोनदा वाचली. मग चाचरत, मामाच्या उलट्या पेपरकडे बघत विचारलं, "मग... उद्या किती वाजता येऊ?"

"तिकडे काय बघताय?" मी म्हणाले. "टेबल माझं आहे."