पट्टीवरची खूण

पौषातली दुपार होती. त्या दिवसांत नंदुरबारला वाऱ्याला रंग असतो. गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत असते, आणि वारा फिरला की निम्मं गाव शिंकत सुटतं. कांतीलालशेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गल्ल्यावर बसलेली त्यांची मुलगी फाल्गुनी अशीच एकामागून एक शिंकत होती. समोर एक पोरगा हसू दाबत उभा होता. त्याच्या काखेत इंजिनाचं चेंबर होतं. इंजिनाखाली ऑइल साठतं ते हे पत्र्याचं भांडं, आणि त्याने ते कापून उघडं केलं होतं.

"व्हई गयं का? का आखो एक शे?"

"हसाले काय व्हयनं? काय पाहिजे ते सांग."

"पत्रा दे. याना मजार पडदा लावसू."

फाल्गुनीने चेंबर हातात घेऊन उलटं-सुलटं पाहिलं. "नुसता पडदा लावीसन काय व्हई? लांब वळणवर सगळं ऑइल एक बाजूले जाई, आन् पंप कोरडा पडी. पडदाले बारकी दारं ठेव. ऑइल आत येई, पन बाहेर जावाव नही."

पोराचं हसू मावळलं. "तुले कोनी शिकाडं?"

"नाशिकना कॉलेजनी. आन् बापना गल्लानी."

पोराचं नाव गोपाल. सारंगखेड्याच्या धुडकू पाटलांचा. बाप जत्रेसाठी घोडे तयार करायचा, आणि पोरगा एक जुनी गाडी शर्यतीसाठी तयार करत होता. त्या दिवशी पत्रा घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी गॅस्केटला आला. मग बोल्ट न्यायला येऊ लागला… तेही एकेक.

"सगळा एकदम लेवाले काय व्हस?" फाल्गुनीने विचारलं.

"एकदम लिधा, मंग उद्या कसाले येऊ?"

ती खाली बघून बोल्ट मोजत राहिली. एकच तर होता.

पुढे दर रविवारी दुकानामागच्या अंगणात गाडी उभी राहू लागली. मोठ्या शर्यतीच्या गाड्यांना असते तशी ऑइलची वेगळी टाकी आणि वेगळा पंप गोपालला हवा होता. "ठेवशी कोठे? मांडीवर?" फाल्गुनी म्हणाली, आणि शेवटी तिच्या बारक्या दारांचं चेंबरच बसलं. इंजिनाच्या संगणकावरून दोघांचं चांगलंच वाजलं. त्याला कंपनीचा जुना ठेवून वर त्याचे आकडे बदलणारी एक डबी जोडायची होती. तिने सगळाच नवा बसवायला लावला, कारण नव्या संगणकाला ऑइलचा दाब समजत होता. दाब ठरल्यापेक्षा खाली गेला की संगणकाने इंजिन आपोआप बंद करायचं, हाच तो कट.

"म्हंजे ऐन शर्यतमा बंद पडी?"

"बंद पडी. पन मरावं नही."

"आन् मी?"

"तू बी नही मरावं…" ती बोलून गेली आणि लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली.

ऑइल बघायची पट्टी कशी बघायची, तेही तिनेच त्याला शिकवलं. पहिल्यांदा काढलेली पट्टी खरं सांगत नाही. ती पुसायची, पुन्हा बुडवायची, आणि मग खूण बघायची. एकदा एकाच फडक्यावर दोघांचे हात आले. तिच्या मनगटावर काळा ओघळ उमटला. तो तिने संध्याकाळपर्यंत धुतला नाही.

कांतीलालशेठनी ते पाहिलं होतं. ते एवढंच म्हणाले, "छोरे का कुछ ठिकाना तो होना चाहिए, बेटा."

ठिकाणाची वेळ होळीच्या आधीच्या रविवारी आली. गावाबाहेरच्या माळावर शर्यत होती, आणि पुण्याच्या एका रेसिंग गॅरेजचे साहेब माणूस निवडायला येणार होते. "माले लिधं, का दुसराच दिवस आबाले तुन्हा बापसमोर बसाडसू," गोपाल म्हणाला होता. तेव्हापासून फाल्गुनी दिवस मोजत होती.

सकाळच्या सरावात लांबच्या डाव्या वळणावर इंजिन बंद पडलं.

फाल्गुनीने पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवली. ऑइल खुणेच्या दोन बोटं वर होतं, आणि त्यावर ताकासारखा फेस होता.

"कितलं टाकं?"

"लिटरभर जास्ती," गोपाल ओशाळून म्हणाला. "शर्यतना दिवस आबा घोडाले मूठभर चना जास्ती चारतस. म्हनीसन…"

"हाऊ घोडा नही, गोपाल! जास्ती ऑइल घुसळाई जास, फेस व्हस. फेसमा दाब ऱ्हास नही. काढ ते."

पण त्याचा नंबर पुकारला गेला होता. गाडी उचलून ऑइल काढायला दहा मिनिटं लागली असती.

"तो कट काढी टाक," गोपाल म्हणाला.

"नही."

"फालू… मन्हावर भरोसा शे का नही?"

फालू म्हणून त्याने तिला आजवर कधी हाक मारली नव्हती. पुढे काय होणार, ते तिला लॅपटॉपच्या पडद्यावरच्या रेघेइतकं स्पष्ट दिसत होतं. तरी तिचं बोट हललं. कट गेला.

दोन फेऱ्या त्याच्या जवळपासही कोणी नव्हतं. तिसऱ्या फेरीत, त्याच डाव्या वळणावर, आधी ठकठक ऐकू आली, मग लोखंड लोखंडावर घासलं. गाडी धूर सोडत घसरत गेली आणि थांबली. गोपाल धडधाकट उतरला. इंजिन मात्र जाम झालं होतं.

साहेबांनी लॅपटॉप पाहिला. "इथे ऑइलच्या दाबाचा कट होता. कोणी काढला?"

गोपाल बुटांकडे बघत राहिला.

फाल्गुनी थांबली… आता बोलेल. मग तीच म्हणाली, "मी काढला."

"शिकलेल्या माणसाने असं करावं?"

अजून तरी बोलेल. गोपाल फडक्याने हात पुसत होता. हात स्वच्छच होते.

साहेबांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "चालवतोस छान. आणि चेंबरातली ती दारं, सुरेख काम! एक तारखेला पुण्याला ये."

दुसऱ्या दिवशी गोपाल पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात आला. "आबा संध्याकाळले येतस. ठरी गयं!"

फाल्गुनी रात्रभर स्वतःची समजूत घालत होती. घाबरला असेल, पहिल्या वेळेवरून माणूस पारखू नये. तिने पुन्हा एकदा पारखून पाहिलं.

"साहेबले फोन लाव. सांग, ऑइल मी जास्ती भरं. कट मीच काढाले सांगा. आन् दारं फाल्गुनीनी."

"आते कसाले? नोकरी जाई ना! हाई सगळं कोनाकरता शे? आपलाकरताच ना…"

"गोपाल, लाव फोन."

त्याने एका बोटाने पेढ्यांचा पुडा तिच्याकडे सरकवला.

तिने तो तसाच परत सरकवला. "आबाले आनू नको."

"फालू…"

"फाल्गुनी," ती म्हणाली. "आन् दुकानमा यानं नही आते."

तो गेला. जाताना पुडा विसरला, की मुद्दाम ठेवून गेला, कोण जाणे. मागून आलेल्या ट्रकवाल्याने ऑइल मागितलं आणि विचारलं, "किती टाकू, ताई?"

"पट्टीवर खूण आहे ना? तेवढंच."

आतून कांतीलालशेठनी विचारलं, "आंख क्यूं लाल है, बेटा?"

फाल्गुनीने बाहेर पाहिलं. पथाऱ्या कधीच उचलल्या गेल्या होत्या. मिरचीचं नाव सांगायचीही सोय उरली नव्हती.