तळघरातलं विरजण

वाइन म्हणजे दही नव्हे, हे मी माझ्या बहिणीला ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी समजावून सांगत होतो. आम्ही दोघंही कोपरापर्यंत द्राक्षांत होतो. देठं काढायची, मणी हाताने फोडायचे आणि साल, बी, रस सगळं तसंच पिंपात टाकायचं. लाल वाइनचा रंग सालीतून उतरतो, म्हणून ती रसातच आंबू द्यायची. गांधीलमाशा भोवती घोंगावत होत्या आणि मालविका त्यांना न हाकलता काम करत होती.

तिचं घर जर्मनीत, माइन नदीपलीकडच्या एका उतारावरच्या गावात आहे. मी र्युसेल्सहाइमला राहतो, तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. पूल ओलांडला की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना द्राक्षमळे लागतात. तिचा नवरा योखन त्याच गावचा. शाळेत शिकवायचा आणि वडिलांकडून आलेल्या मळ्याच्या चार ओळी हौसेने सांभाळायचा. घराखाली दगडी तळघर होतं. तिथे हाताने फिरवायचा लाकडी प्रेस, आणि भिंतीशी ओळीने काचेचे गोल रांजण, एकेकात लहान मूल बसेल एवढे. प्रत्येकाच्या तोंडाशी पाणी भरलेली वाकडी नळी. आतला वायू तिच्यातून बुडबुड्यांनी बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत शिरत नाही.

हा वायू वाईट. रस आंबताना तो जमिनीलगत साचतो आणि त्याला वास नसतो. म्हणून इथली जुनी माणसं तळघरात उतरताना पेटती मेणबत्ती गुडघ्याखाली धरतात. ज्योत विझली की मागे फिरायचं. योखनने जन्मभर हा नियम पाळला आणि आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात एका सकाळी पाळला नाही. शेवटच्या रांजणाला नळी बसवता बसवता तो कोसळला असावा, असं पोलीस म्हणाले. मालविकाला तो सापडला तेव्हा रांजणाला मिठी मारल्यासारखा पडलेला होता, ओठ रांजणाच्या उघड्या तोंडाशी. नळी नंतर तिने स्वतः बसवली. बाकीची वाइन त्यांच्या लेकीने, कुहूने, गावात वाटून टाकली. तो एक रांजण मालविकाने कुणाला दिला नाही.

आता त्यातलीच वाटीभर वाइन घेऊन ती सगळ्यांत लहान पिंपाशी उभी होती.

"विरजण," ती म्हणाली.

"मालू, दह्यात जिवाणू जिवंत असतात. यातलं यीस्ट कधीच मेलंय. ही केमिस्ट्री आहे."

"दादा, तू कारखान्यात जाऊन नटबोल्ट तपास."

विरजणाच्या बाबतीत आमच्या घरात वाद घालायची सोय नव्हतीच. आईने तिच्या आईचं विरजण कधी मोडू दिलं नाही. शेजारी दही मागायला जावं लागणं म्हणजे तिच्या लेखी संसार बुडाल्याची खूण. मालविका लग्न करून जर्मनीला निघाली तेव्हा आईने सुती रुमालावर दही सारवून, सावलीत वाळवून तिच्या बॅगेत घातलं होतं. त्याच रुमालातलं दही ती आजवर लावत आली आहे. तिने वाटी पिंपात ओतली. वाटीभर जुन्या वाइनने काय बिघडणार होतं? फक्त कारखान्यातल्या सवयीने त्या पिंपाला मी खुणेची निळी चिकटपट्टी लावली.

साली तरंगून वर येतात, त्या लाकडी दांड्याने रोज खाली दाबाव्या लागतात. ते मालविका करायची. रंग पुरता उतरल्यावर आम्ही प्रेस मांडला. लाकडी पट्ट्यांच्या गोल पिंजऱ्यात चोथा भरायचा, वर झाकण ठेवून स्क्रू फिरवायचा, थांबायचं, पुन्हा फिरवायचा. घाई केली तर बिया चिरडून कडवटपणा येतो. निळ्या पट्टीचं पिंप शेवटी घेतलं, त्याच्या रसाच्या रांजणालाही तशीच पट्टी लावली. स्क्रू आणखी फिरेना, धार थांबली, मी हात पुसायला वळलो.

मागे धार पुन्हा सुरू झाली. थांबली. परत सुरू झाली.

"लाकूड ओलं आहे, सैल पडत असेल," मी म्हणालो.

मालविका गुडघ्यांवर बसून पिंजऱ्याला कान लावून होती. बऱ्याच दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं, आणि मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

नोव्हेंबर सरेपर्यंत रांजण एकेक करून गप्प झाले. साखर संपली की आंबणं संपतं, वायूही संपतो. निळ्या पट्टीच्या रांजणाचं मात्र चालू होतं. बुडबुडा बाहेर यायचा, मग नळीतलं पाणी उलटं चढायचं आणि एक बुडबुडा आत जायचा. बाहेर, आत. हवा थंड झाली की रांजण थोडी हवा ओढतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी तिथे थर्मामीटर टांगला. तळघराचं तापमान हलत नव्हतं.

वायू मोजायचं मीटर मी आधीच आणून ठेवलं होतं. ते सगळीकडे ठीक दाखवायचं. मालविकाने मात्र योखनची मेणबत्ती सोडली नव्हती. एका रविवारी सकाळी तिच्या मागोमाग मी खाली उतरलो. पायऱ्यांवर ज्योत सरळ होती, प्रेसपाशी सरळ होती. निळ्या पट्टीच्या रांजणाजवळ तिने मेणबत्ती टेकवली आणि ती विझली. मीटर माझ्या हातात होतं, त्याच जागी, त्याच उंचीवर. हवा उत्तम.

मी दुसरं मीटर विकत आणलं. तेही तेच म्हणालं.

डिसेंबरात ती वाळत चालली. जिना चढताना धापा टाकायची, ओठ निळसर दिसायचे. लहानपणचा दमा उलटला असेल म्हणून मी तिला माइंत्सच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. फुप्फुसं स्वच्छ होती, रक्तात प्राणवायू कमी होता. का, ते त्यांना सांगता येईना. कुहूचा ड्युसेलडॉर्फहून फोन आला. ती नेहमीप्रमाणे जर्मनमध्येच बोलली, की ममा जेवत नाही, फोन उचलत नाही, खाली स्टूल टाकून बसते. शेवटी फक्त मराठीत म्हणाली, "मामा, तिला वर आण."

"अहो, त्या खाली कुणाशी तरी बोलतात," नीता म्हणाली. माझी बायको उगाच काही बोलणारी नाही. "मी डबा घेऊन गेले होते ना, दारातूनच ऐकलं. मधेमधे थांबत होत्या, उत्तर ऐकल्यासारख्या."

मला माझी बहीण जिवंत हवी होती. विज्ञान हरलं तरी चालेल, या गोष्टीला तोपर्यंत मी येऊन ठेपलो होतो.

"आमच्याकडे राहायला चल," मी मालविकाला म्हणालो.

"तो एकटा पडेल."

"मग मी ते ओतून टाकतो. आज, आत्ता."

"ओतलंस तर मला भाऊ नाही, दादा." तिने आवाज चढवला नाही. तेवढी ताकदच नव्हती.

तेव्हा मला तोडगा सुचला. सापही मरावा आणि काठीही मोडू नये असा. जानेवारीत तसंही वेगवेगळ्या रांजणांतली वाइन एकत्र करून चव जुळवतात. एकातली आंबट, दुसऱ्यातली तुरट, थोडी इकडची थोडी तिकडची, मापाच्या नळीत करून बघायची आणि जमलं की सगळं मिसळायचं. एक वाईट रांजण पाच चांगल्यांत वाटून टाकला की त्याचा जोर उरणार किती? कारखान्यात आम्ही हेच करतो. डाग पातळ केला की डाग राहत नाही.

ती नाही म्हणेल, रडेल, अशी माझी तयारी होती.

"मिसळ," ती म्हणाली. "खुशाल मिसळ. सगळ्यांत घाल हं, एकही सोडू नकोस."

मी घातलं. दिवसभर नळ्या लावून, मापून. चाखूनही पाहिली. खोटं कशाला बोलू, इतकी चांगली वाइन त्या तळघरात योखनच्या हातूनही झाली नव्हती. संध्याकाळी निघेपर्यंत सगळे रांजण मुके होते. निळ्या पट्टीचाही. मालविका दारापर्यंत मला सोडायला आली, स्वतःच्या पायांनी. पूल ओलांडताना मी शीळ घालत होतो.

घरी नीता ओट्याशी उभी होती. दूध कोमट झालं का हे करंगळीने बघून तिने वाटीतलं चमचाभर दही पातेल्यात सोडलं आणि ढवळलं.

चमचाभर. पातेलंभर दुधात.

दह्याचा जोर दुधात कधी पातळ होत नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. मी जाणत होतो. मीही त्याच घरात वाढलो होतो.

मी बूट न काढताच परत फिरलो.

घरात दिवे होते. हाका मारत मी आत गेलो. तळघराचं दार उघडं होतं. मेणबत्ती मी घेतली नाही, मीटर घेतलं.

मालविका स्टुलावर बसलेली होती, पाठ भिंतीला, हात मांडीत. चेहऱ्यावर कसलाही त्रास नव्हता. तिच्याभोवती सगळे रांजण चालू होते. बाहेर, आत. बाहेर, आत. सगळे एकदम.

मीटरने हवा उत्तम असल्याचं सांगितलं.

मृत्यूचं कारण म्हणून डॉक्टरांनी हृदय लिहिलं. घर विकायचं ठरलं. तळघर रिकामं करायचं काम मी मागून घेतलं, कारण ते दुसऱ्या कुणाला करू देणं मला शक्य नव्हतं.

फेब्रुवारीतली लख्ख सकाळ होती. रबरी नळीचं एक टोक मी मोरीत सोडलं आणि दुसरं घेऊन दारालगतच्या रांजणापाशी गेलो. रांजण अजून श्वास घेत होते. मी त्यांच्याकडे न बघता बूच सैल करू लागलो.

मग लक्षात आलं, की दारालगतचा हा एक इतरांबरोबर नाही.

बाकीचे संथ होते, जड, झोपलेल्या पुरुषासारखे. हा उथळ होता. दोन छोटे बुडबुडे, मध्येच अडखळा, मग एक लांब, ओढून घेतलेला. हा श्वास मी लहानपणी शेजारच्या अंथरुणावर कितीतरी रात्री ऐकला होता. जोर वाढला की मी तिच्या पाठीवर हात ठेवून तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणत बसायचो.

बुडबुड्यांचा वेग वाढत होता.

मी रबरी नळी खाली ठेवली. काचेवर तळवा टेकवला. काच कोमट होती.

"हळू, मालू," मी म्हणालो. "हळू."

अडखळा थांबला. मग एक बुडबुडा आला, मोठा, सावकाश.