कोणाची जोडणी तुटली?

सकाळपासून पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती: ‘जोडणी तुटली.’

शाल्मली दुधाचा पेला हातात धरून ती बघत बसली होती. चांद्रतळावर ती आणि ठोकळा नावाचा यंत्रमानव, दोघंच होते. आई गाडी घेऊन विवरात बर्फ शोधायला गेली होती. विवराच्या सावलीतून तिचा आवाज कधी पोचे, कधी नाही. त्यामुळे कालपासूनची शांतता नेहमीचीच, की काही बिघडलंय, हे शाल्मलीला कळत नव्हतं.

“नेटवर्क ड्रायव्हर (संगणक आणि नेटवर्क कार्ड यांच्यातला दुभाषा प्रोग्राम) फार बडबडतोय,” ठोकळा म्हणाला. “सगळा लॉग (प्रोग्राम आपल्या कामाबद्दल लिहून ठेवतो त्या ओळी) त्यानेच भरून गेलाय. म्हणून तो संदेशच मी काढून टाकलाय. बदल तपास आणि मंजूर कर.”

एकाने केलेला बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय चालू करायचा नाही, असा तळाचा नियम होता. आईने तिला प्रोग्राम वाचायला शिकवलं होतं, आणि आत्ता दुसरं होतंच कोण?

शाल्मलीने बदल सावकाश वाचला. “पण ठोकळ्या, जोडणी तुटली ती कोणाची?”

“माहीत नाही. प्रत्येक जोडणीला एक, अशी कार्डं बरीच आहेत, ड्रायव्हर सगळ्यांना एकच.”

“म्हणजे कोणीतरी अंधारातून ओरडतंय, आणि कोण ते न विचारता तू त्याचं तोंड दाबतोयस.”

“मला तोंड दाबायचं नव्हतं. गोंगाट कमी करायचा होता.”

“मग तेवढंच कर ना, शहाण्या.”

तिने बदल नामंजूर केला आणि खाली कारण लिहिलं. ठोकळ्याने नवा बदल आणला. आता प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला कार्डाचं नाव येणार होतं. एकच कार्ड तेच तेच सांगू लागलं, तर ते एकदा लिहायचं आणि मग अधूनमधूनच. या वेळी शाल्मलीने मंजुरी दिली.

ड्रायव्हर पुन्हा सुरू झाला. ‘रोपघर: जोडणी तुटली.’ तिथली वायर सैल होती. ती सारखी लागत होती, सुटत होती. त्याच्याखाली एक ओळ आली. ‘आईची गाडी: जोडणी तुटली.’

“ही आधीही येत होती?” शाल्मलीचा आवाज बारीक झाला.

“येत असणार. रोपघराच्या ओळींत बुडून गेली.”

विवराकडे तोंड केलेली अँटेनाची तबकडी जागेवरून सरकली होती. ठोकळ्याने ती हळूहळू वळवली. खरखर झाली.

“शालू? कालपासून हाका मारतेय गं. सगळं ठीक आहे ना?”

ती सवयीने ‘ठीक आहे’ म्हणणार होती. पण तेवढ्यावरून आईला काय कळणार?

“आई, मी शाल्मली बोलतेय. तू गेल्यापासून मला फार एकटं वाटतंय.”



“बरं झालं सांगितलंस,” आई म्हणाली. “कड्यावर ऊन आलं की निघते. पुढच्या फेरीला गाडीत तुझ्यासाठी दुसरी खुर्ची बसवू. तोवर बोलत राहा, मी ऐकतेय.”