छकुलीला मारवा लागतो

गाय विकून चार दिवस झाले आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी गायीचाच फोन आला. म्हणजे गायीबद्दलचा हो! निकिताचे वडील आबासाहेब गुडघ्याला शेक घेत बसले होते, म्हणून त्यांचा मोबाईल तिनंच उचलला.

"ताई, मी अंथुर्ण्यावरनं सुयोग बोलतोय. तुमची छकुली नेलीय बघा आमी... ती पान्हाच सोडंना झालीय. पेंड घातली, कास धुतली, आईनं गोंजारलं. बादलीत पावशेर दूध आन् माझ्या मांडीवर लाथ. तुमी काय करत हुता तिला?"

निकिताला उत्तर माहीत होतं, पण परक्या माणसाला ते सांगायचं म्हणजे...

"हॅलो? ताई?"

"गाणं लावायचे मी."

"मी बी लावलंय की! हलगीचं, चांगलं मोठ्या स्पीकरवर."

"अहो, मग लाथ नाही तर काय मिळणार! तसलं नाही चालत तिला. तिला संध्याकाळी मारवा लागतो."

पलीकडून अगदी गंभीर आवाजात प्रश्न आला, "कुठल्या मेडिकलला मिळतोय?"

निकिता इतकी हसली, इतकी हसली की आबांनी शेकायचं थांबवलं.

तिचं हसणं असं मोकळं ऐकून घरात बरेच दिवस झाले होते. पिंपळीच्या रोपवाटिकेत दिवसभर टोमॅटो-मिरचीची रोपं सांभाळणारी ही चोवीस वर्षांची पोरगी तशी तोंडाची फटकळ, कुणाच्या बापाला न भिणारी. पण एका बाबतीत घरात तिचं काही चालायचं नाही. तिला मारव्यासारखे शास्त्रीय राग आवडायचे. संथ, लांब, आलापीचे. कॉलेजात असताना एकदा चुकून कानावर पडले आणि पोरगी कामातून गेली. घरात लावले की धाकटा ज्ञानेश विचारायचा, "ताई, हा माणूस गाणं सुरू कधी करणार?" आणि फुलाबाई काकू पदर सावरत बाहेर यायची, "कुणी गेलं का गं?" म्हणून मग निकिता मोबाईल घेऊन गोठ्यात जायची. धार काढता काढता ऐकायची. छकुलीनं कधी तक्रार केली नाही. उलट आलाप सुरू झाला की बाईसाहेब डोळे मिटून रवंथ करायच्या. आबांना गुडघ्यांमुळं पाच जनावरं झेपेनात, तेव्हा नेमकी तीच विकली गेली. निकिता कामावर होती, गाय नेणाऱ्याचं तोंडही तिनं पाहिलं नव्हतं.

त्यातच चाकणच्या कंपनीतलं स्थळ आलेलं. मुलगा चांगला होता, उगाच नावं कशाला ठेवा! पोह्यांच्या वेळी त्यानं आपणहून विचारलं, "गाणी-बिणी ऐकता का?" निकिता फुलली. तिनं एक इयरफोन त्याच्या हातात दिला. अर्ध्या मिनिटात त्यानं बोटानं गाणं पुढं सरकवलं. परत सरकवलं.

"यात मेन गाणं कुठाय?" त्यानं विचारलं.

तिला एकदम रडू आलं होतं, पण कुणाला सांगणार? पुढच्या रविवारपर्यंत उत्तर कळवायचं होतं. काकू म्हणाली, "गाण्यापायी कुणी स्थळ मोडतं व्हय गं?" निकिताला फक्त एवढंच कळत होतं की याच्याशी लग्न केलं तर जन्मभर कानात बोंडं घालून एकटीनंच ऐकायचं. आणि तिला एकटीनं ऐकायचा आता कंटाळा आला होता.

तर त्या संध्याकाळी तिनं सुयोगला मारवा पाठवला. वीस मिनिटांत उत्तर आलं, "पानवली!! चार लिटर!!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "आज परत अडून बसलीय. दुसरं कायतरी पाठवा की."

मग सकाळच्या धारेला ललत गेला, संध्याकाळी पूरिया गेला. चौथ्या दिवशी त्याच्या बोलण्यातली "ताई" आपोआप गळाली. तिच्या ते लगेच लक्षात आलं, पण तिनं ते तसंच राहू दिलं. टोकायचं कशाला?

"कालचं ते फास्ट होतं ना," तो एकदा म्हणाला, "तराणा का काय... उताराला उसाची ट्रॉली सुटली आन् ब्रेक लागंना, तसं वाटलं."

"लाज वाटत नाही? एवढा मोठा गायक तो!"

"मी वाईट कुठं म्हणालो? ट्रॉली शेवटाला बरोबर गेटात जाऊन उभी राहिली की!"

ती रागानं फोन ठेवून पुन्हा तराणा ऐकायला बसली. आणि खरंच... ट्रॉली! ती एकटीच खुदकन हसली.

आणि मग एका संध्याकाळी त्यानं जरा थांबत थांबत विचारलं, "त्या पहिल्या मारव्यात... कुणीतरी यायचं हाय आन् येईना, असं हाय का हो काय? का मलाच वाटतंय?"

निकिताच्या हातातला चहा तसाच राहिला. सहा वर्षं ती मारवा ऐकत होती आणि तिलाही अगदी हेच वाटायचं. हे दुसऱ्या कुणाला वाटेल, अशी आशाच तिनं सोडून दिली होती.

"तुम्हालाच नाही वाटत," ती हळूच म्हणाली. मग घाईघाईनं, "आणि छकुली?"

"तिचं काय... न्हाय म्हणतीय अजून. अजून एक पाठवा."

बारा दिवस झाले तरी गाय रुळेना? कासेला काही झालं असेल तर? शनिवारी रोपवाटिकेतून लवकर निघून तिनं आबांना स्कुटीवर मागं बसवलं आणि कालव्याच्या रस्त्यानं थेट अंथुर्णं गाठलं. आबा वाटेत म्हणाले, "उद्या रविवार हाय निके." ती म्हणाली, "माहिताय आबा."

दारात सुयोगची आई दगडाबाई भेटल्या. "गाय? तिला काय धाड भरलीय! तुमचं पयलं गाणं आलं, त्याच्या दुसऱ्या दिसापासनंच चांगली झरतीय. गाणं असू दे, नसू दे." मग गोठ्याकडं बोट करून हसल्या. "पानवत न्हाय त्यो आमचा लेक. धार झाली तरी उठत न्हाय तितनं."

आबा चहाला ओसरीवर टेकले. निकिता एकटीच गोठ्याकडं गेली.

बादली काठोकाठ भरलेली. छकुली मोकळी, खुशाल वैरण खातेय. आणि पालथ्या घमेल्यावर एक सावळा, उंच पोरगा डोळे मिटून बसलेला. समोर खुंटीला मोबाईल टांगलेला आणि त्यातून मारवा. मधेच फोन वाजला. त्यानं न बघता कापला आणि गाणं होतं तिथूनच पुन्हा चालू केलं. पुढं नाही सरकवलं!

निकिता खांबाला धरून उभी राहिली. गाणं संपेपर्यंत ती हलली नाही.

छकुली मात्र तिला ओळखून हंबरली, तेव्हा त्यानं डोळे उघडले. आणि धडपडून उठला.

"तुमी... निकिता?"

"पान्हा सोडत नाही म्हणे गाय?"

तो कानापर्यंत लाल झाला. "खरं सांगू का? गाय रोज पानवतीय म्हणून सांगितलं असतं, तर तुमी गाणी पाठवायची थांबवली असती... आन् तुमचा फोनबी थांबला असता. मला दोन्ही परवडणार नव्हतं."

"खोटारडे!" ती म्हणाली, पण आवाजात काही जोर नव्हता. तिनं दुसरं घमेलं ओढलं, पालथं घातलं आणि त्याच्या शेजारी बसली. "आता तुमचं आवडतं लावा."

"माझं? हलगी हाय. न्हाय आवडायचं तुमाला."

"ते मी ठरवीन की."

हलगी कडाडली. पहिल्या ठोक्याला ती दचकली, पण दुसऱ्या मिनिटाला तिचा पाय आपोआप हलायला लागला. ते बघून तो हसला. तीही हसली. छकुलीनं पेंडीच्या रिकाम्या बादलीला एक सणसणीत लाथ घातली.

"ह्या बाईसाहेबांपुढं माझं काय चालायचं न्हाय," तो म्हणाला. मग जमिनीकडं बघत, "रोज एक गाणं... असंच पाठवत राहाल का? कायमचं?"

"नाही पाठवणार."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"शेजारी बसून लावीन. मधे बोललात तर मात्र बघा!"

तो तिच्या तोंडाकडं नुसता बघत राहिला आणि तीही मान खाली न घालता त्याच्याकडं बघत राहिली.

ओसरीवरून आबांचा आवाज आला, "निके, अंधार पडायच्या आत निघू. आन् उद्या चाकणकरांना काय कळवू मी?"

निकितानं मोबाईल हातात घेतला, मारवा पुन्हा पहिल्यापासून लावला आणि तिथूनच ओरडून म्हणाली, "त्यांना सांगा आबा, मेन गाणं सापडलं!"